छत्री गट

दांडा तेवढा चुरगळला होता. बाकी छत्री ठीक होती — निळ्या कार्डशीटची, तळहाताएवढी, कुणीतरी मोठ्या माणसाने कडा सांभाळून कापलेली, मागे सेफ्टीपिन आणि पिनेत गणवेशाचा एक पांढरा दोरा अडकलेला. मशीनमध्ये कपडे टाकण्याआधी खिसे चाचपायची तिची सवय. भिंगरीच्या खिशातून खडूचे तुकडे निघत, खोडरबरं निघत, एकदा तर जिवंत गोगलगाय निघाली होती. पण हा बिल्ला खिशात नव्हता, छातीवर लावलेला होता. म्हणजे काल मुलगी शाळेतून आली, दूध प्यायली, खेळून आली, गणवेश बदल म्हणून तिच्या मागे लागावं लागलं — आणि एवढा सगळा वेळ ही छत्री तिच्या छातीवर होती आणि आईला दिसली नाही...

निळी छत्री. तिला आधी नुसतं बरं वाटलं, परक्या गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं तसं — अरे, ही तर आपलीच छत्री, म्हणजे भिंगरीच्या शाळेतही सुरू झालं तर! — आणि मग, मशीनचं झाकण हातात धरून उभी असताना, छत्री म्हणजे काय ते तिला आठवलं.

छत्री, कंदील, पतंग, होडी. नावं तिनेच ठरवलेली. तिची संस्था योजना तपासायची. कुणी मुलांसाठी काही नवं काढलं की त्याचा खरोखर उपयोग होतो की नुसताच गाजावाजा, हे शोधायचं. काही शाळांत योजना चालवायची, तशाच दुसऱ्या शाळांत नाही, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडच्या मुलांना एकेकटं बसवून वाचायला सांगायचं. बहुतेक योजनांतून काही निष्पन्न होत नसे, आणि तसं तोंडावर सांगायची तिला आता सवय झाली होती, थोडी हौसही होती म्हणा ना. पण ही एक योजना खरी निघाली. मधल्या सुट्टीनंतर तासभर वर्ग मोडायचे आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे मुलं बसवायची — इयत्ता, वय, बापाचा हुद्दा, सगळं दाराबाहेर. गोष्ट वाचणारे होडीत, परिच्छेद वाचणारे पतंगात, सुटे शब्द येतात ते कंदिलात. आणि ज्यांना अक्षरं येतात पण त्यांचा शब्द होत नाही, ते छत्रीत. या छत्रीतल्या मुलांनीच सगळ्यांत मोठी उडी मारली होती. आकडे बघून तिला त्या दिवशी रडू आलं होतं, खरंच.

पहिला गट, दुसरा गट म्हणायचं नाही, मुलांना खाली-वर कळता कामा नये, हाही तिचाच आग्रह. “छत्री कुणाला नको असते?” असं ती बैठकीत म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, फक्त आकडेवाला — संस्थेतली आकडेमोड सांभाळणाऱ्याला सगळे याच नावाने हाक मारत — वहीतून डोकं वर न काढता म्हणाला की मुलांना दुपारपर्यंत कळेल. अहवालात मात्र एक वाक्य गेलं: नावांमुळे मुलांमध्ये कमीपणाची भावना आढळली नाही. आढळली नाही हे खरंच होतं. कुणी शोधली नव्हती.

...पण चूक झाली असणार. भिंगरी चौथीत आहे. भिंगरी वाचते. रोज अंथरुणात, अस्वलाचा बूट हरवतो ते पुस्तक, शब्दाखाली बोट फिरवत, अस्वलाचा आवाज जाडा आणि उंदराचा बारीक काढत — स्वल्पविरामाला थांबते पोरगी! — आणि मी शेजारी पडून ऐकते, दिवसभराचा शीण उतरतो माझा. एकदा तिने पान उलटलं आणि ओळ नंतर संपवली. आधी पान, मग ओळ. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

नव्या तपासनिसांना ती पहिल्या दिवशी दोन गोष्टी घोटून घोटून सांगायची. मुलाच्या ओळखीचं पुस्तक कधीही वापरायचं नाही, मुलं पाठ करतात. आणि चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही, भुवई उचलायची नाही. वाचता न येणारं मूल अक्षरांकडे कमी आणि तुमच्या तोंडाकडे जास्त बघतं, तुमच्या तोंडावरून त्याला कळतं आपलं बरोबर चाललंय की नाही. कितीतरी मुलींना तिने हे आरशासमोर बसवून शिकवलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांपुढे ती स्वतः हे कधी विसरली नव्हती.

नवरा आरशासमोर भांग पाडत होता. त्याचं चष्म्याचं दुकान. लोकांचे नंबर काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. भिंगरीचे डोळे तपासलेस ना तू, असं तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

“तपासले की मागेच. एकदम ठणठणीत. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटला तिने.”

“म्हटला?”

“म्हणजे वाचला.” तो पुढे काही बोलणार होता, पण कंगवा केसांतच राहिला. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, असं मग तो म्हणाला. भिंगरी बाकावर बसून होती, आणि तिच्या आधीच्या गिऱ्हाइकांनी तोच तक्ता मोठ्याने वाचला होता. सांगता सांगता त्याला हसू आलं आणि बायकोच्या हातातली छत्री बघून ते अर्ध्यावरच विरलं. छत्री म्हणजे काय हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलावर तिने वर्षभर दुसरं काही बोलूच दिलं नव्हतं. तो म्हणाला की असू दे की छत्रीत, तूच तर म्हणतेस त्याने फायदा होतो. होतो, ती म्हणाली. मग? मग काही नाही.

दोघेही डोळ्यांसमोर पाटी धरून लोकांना वाचायला लावणारे आणि घरातली पोर दोघांना गुंडाळून मोकळी. हे एखाद्या तिऱ्हाइताने सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

भिंगरीला मात्र छत्रीचं काहीच वाटत नव्हतं. माझी छत्री कुठाय, कालपासून घरी न्यायला दिलीय, बाईंनी हरवायची नाही म्हणून सांगितलंय, असं म्हणत ती धुतलेला दुसरा गणवेश अंगात घालून स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन झाल्यावर समोर येऊन उभी राहिली. आईने दांडा बोटांनी सरळ केला आणि बिल्ला लावला — कॉलरच्या जरा आत, जिथे तो अर्धा झाकला जाईल. हात आपणहून तिथे गेला. भिंगरीने हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं, पिन काढली आणि छत्री बाहेर, बरोबर मधोमध लावली.

कार्यालयात तिने थोडं काम आहे, दुपारी येते असं कळवलं. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी तिला लगेच आत घेतलं, खुर्ची दिली, आणि शिपाईबाईंना पाणी आणायला सांगितलं. पेला समोर आला तेव्हा तिला ओळख पटली. *पालक आल्यास प्रथम बसायला सांगावे, पाणी द्यावे. रागावलेला माणूस पाणी पिताना बोलू शकत नाही.* पालकांशी कसं बोलावं याची छोटी पुस्तिका योजनेबरोबर प्रत्येक शाळेला जायची. ती तिने लिहिली होती, आणि ही पाण्याची युक्ती सुचली तेव्हा स्वतःवर खूश झाली होती. पुस्तिकेवर संस्थेचं नाव होतं, तिचं नव्हतं. आत्ता ती पुस्तिका बाईंच्या कोपराशी होती, कोपरे मऊ झालेली, बऱ्याचदा उघडलेली. तिने पाणी पिऊन टाकलं.

“तुमची काळजी मी समजू शकते,” बाई म्हणाल्या. हे दुसऱ्या पानावरचं. “छत्री हा खालचा गट नाही. तो सुरुवातीचा गट आहे.” हेही. हे वाक्य जमायला तिला एक आख्खी दुपार लागली होती. त्यात आता कुठे फट सापडते का हे ती बघत होती आणि फट नव्हती, चांगलं लिहिलं होतं.

“ती घरी छान वाचते,” ती म्हणाली. म्हणता म्हणताच कान तापले. पालक काय काय म्हणतील ते पुस्तिकेत दिलं होतं, त्यातलं हे अगदी पहिलं. बाई हसल्या, थांबल्या — थांबायचं असंही तिनेच लिहिलं होतं — आणि म्हणाल्या की घरी वाचते ही फारच चांगली गोष्ट आहे. वाचायची सवय आहे तर ती इथे लवकर पुढे जाईल.

मग बाईंनी पुस्तिका बाजूला सारली. खरं सांगू का, त्या म्हणाल्या, मलाच आधी हे थोतांड वाटलं होतं. वरून रोज काहीतरी नवं येतं, आम्ही आपलं राबवतो आणि विसरतो. पण पहिल्या दिवशी मुलांना एकेकटं वाचायला बसवलं आणि माझी झोप उडाली. पाचवीपर्यंत निव्वळ पाठांतरावर पोचलेली मुलं होती माझ्याकडे, नावाजलेली मुलं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. “तुमची मुलगी हुशार आहे, म्हणून तर इतके दिवस निभावलं तिने. मला विचाराल तर फार दमत असेल हो ती. सगळं लक्षात ठेवायचं म्हणजे काय... आता नाही दमायची. वाचायला लागेल, बघा तुम्ही.”

हे तिच्या कुठल्याही पानावर नव्हतं. इथेच उठायला हवं होतं. तुमचे आभार कसे मानू असं म्हणून, बाईंचे हात हातात घेऊन उठायला हवं होतं, आणि तिच्या घशाशी ते आलंही होतं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर ती घाबरली.

अभ्यासाच्या पहिल्या वर्षी एका शाळेत पालकांची सभा होती. एक बाई उभ्या राहिल्या, मांडीवरची पर्स पोटाशी घट्ट धरून, जणू कुणी ती पळवणार आहे, आणि म्हणाल्या — त्या मुलांमध्ये? माझी मुलगी? त्या मुलांमध्ये? कार्यालयात परतल्यावर तिने हे करून दाखवलं होतं. पर्ससकट. सगळे हसून हसून लोळले, आकडेवाला चहा सांडेपर्यंत हसला, आणि तेव्हापासून तो संस्थेतला ठरलेला किस्सा झाला. नवं कुणी आलं की फर्माईश व्हायची. आत्ता तेच शब्द तिच्या जिभेच्या टोकावर उभे होते. तिने खाली बघितलं. पर्स मांडीवर होती आणि दोन्ही हात तिच्यावर होते.

“वातावरणाचा प्रश्न असतो ना,” ती म्हणाली.

“कसलं वातावरण?” बाईंनी विचारलं. खोचकपणे नाही, त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

खिडकीबाहेर कुणीतरी नळ बंद करत होतं. तिला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही, हसून सोडून देता येईल, आणि तसं वाटत असतानाच तिने स्वतःचा आवाज ऐकला — सभांमधला, वजनदार, समोरच्याला जागेवर बसवणारा. हा अभ्यास आमच्या संस्थेने केलाय, असं तो आवाज म्हणत होता. ही पुस्तिका मीच लिहिली आहे.

बाईंचा चेहरा उजळला. आनंदच झाला त्यांना, निव्वळ आनंद; त्या अर्ध्या उठल्याच. अहो, मग आधी नाही का सांगायचं, आणि मी तुम्हालाच शिकवत बसले! वर्ग बघायला चला ना, छत्रीची मुलं बघा, त्यांनी आपणहून एक खेळ काढलाय... असं बोलता बोलता, ही बाई हे आत्ता का सांगते आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. आनंद एकदम गेला नाही, हळूहळू गेला, आणि तो जाताना तिला बसून बघावा लागला.

“म्हणजे तिला दुसऱ्या गटात बसवावं, असं म्हणता?” बाई म्हणाल्या. “तुमच्या अभ्यासात अशा मुलांसाठी काही सोय आहे का?”

“असते,” ती म्हणाली.

एकच शब्द. नव्हती सोय. उलट होतं, सपशेल उलट, आणि तेही आम्हीच शोधलं होतं: ज्या शाळांत पालकांच्या शब्दावर गट बदलले तिथे योजना बारगळली. एकाने मूल उचललं की दुसरा येई, मग तिसरा, आणि पुढच्या सत्रापर्यंत छत्रीत फक्त तीच मुलं उरत ज्यांच्या आयांना भरदुपारी काम सोडून मुख्याध्यापकांसमोर येऊन बसता येत नाही. मग छत्रीच्या बाईंचाही उत्साह जाई. फायदा शून्यावर येई. हे मला तोंडपाठ आहे, त्याचा आलेख मी डोळे मिटून काढून दाखवीन. आणि मी “असते” म्हटलं. मी.

मधली सुट्टी संपल्यावर बाई तिला बाहेर घेऊन आल्या. छत्री गट व्हरांड्यात जमिनीवर गोल करून बसला होता. फरश्यांवर खडूने मोठाली अक्षरं. त्यात पाचवीचे दोन लांब ढांगांचे गडी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, तिसरीची काही चिमुरडी, आणि मध्ये भिंगरी. एका शब्दाशी अडली होती. अडल्यावर तिने हात वर केला, सरळ, कोपरात न वाकवता, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “हे मला येत नाही!” — आणि गोलातल्या सगळ्यांनी जमिनीवर एकदम थाप मारली. हाच तो खेळ. येत नाही म्हणणाऱ्याने मध्ये यायचं, गोलातला एक मदतनीस निवडायचा आणि दोघांनी मिळून शब्द फोडायचा. भिंगरीने मदतनीस निवडण्यासाठी बोट उचललंच होतं, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी तिला हाक मारली.

छत्रीच्या बाई तरुण होत्या. काय चाललंय ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी एकदा आईकडे बघितलं. लाल पतंग आला. भिंगरीने छत्री काढली, तिचा दांडा नीट केला आणि विचारलं, ही मी घरी नेऊ का? नको, दुसऱ्या कुणाला लागेल, असं त्या तरुण बाई म्हणाल्या. मग ती पतंगांच्या वर्गाकडे गेली. भिंगरी कधी सरळ चालत नाही, दर चार पावलांना एक गिरकी. त्या व्हरांड्यातून ती सरळ गेली, एखाद्या शहाण्या मुलीसारखी.

कार्यालयात आकडेवाला वाटच बघत होता. शिक्षण खात्याचं पत्र आलं होतं. योजना सगळ्या शाळांत न्यायची ठरत होती आणि त्यांची एकच शंका होती — पालकांनी विनंती केल्यास अपवाद करावा का? उत्तर तिनेच लिहायचं, आजच. तिला वाटलं आपल्याला लिहिता येणार नाही. हात थरथरेल, काहीतरी होईल, निदान डोकं तरी दुखेल. तसलं काही झालं नाही. *पालकांच्या विनंतीवरून गट बदलू नयेत. असा अपवाद दिसायला लहान असला तरी त्याची किंमत जी मुले सभेला हजर नसलेल्या पालकांची आहेत ती मोजतात.* वाक्यं भराभर आली, एकाला एक लागून, इतकी चांगली तिने बऱ्याच दिवसांत लिहिली नव्हती. आकडेवाल्याने वाचलं, म्हणाला, झकास, एक शब्द बदलायला नको. खात्याला असं खडसावूनच सांगायला हवं.

मग तो म्हणाला की नव्या तपासनीस मुली आल्यात, पलीकडच्या खोलीत बसल्यात बावरून, त्यांना जरा तो पर्सवाल्या बाईंचा किस्सा सांग.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण शोधेपर्यंत ती त्या खोलीत उभी होती आणि पाच-सहा कोवळे चेहरे तिच्याकडे बघत होते. तिने पर्स पोटाशी धरली. त्या मुलांमध्ये? माझी मुलगी? — आणि या वेळी तिने त्यात थोडी भर घातली, त्या बाईंनी आधी घोटभर पाणी प्यायलं, मग “वातावरण” असा शब्द वापरला, असं काहीबाही. मुली हसल्या. आकडेवाला दारात उभा राहून हसला आणि म्हणाला की दरवेळी आणखी रंगतो हा किस्सा. तीही हसली. हसताना तिला आतून इतकं किळसवाणं वाटत होतं स्वतःबद्दल की भिंतीला टेकून उभं राहावं लागलं, आणि कुणाला काही कळलं नाही. तोंडावर काही न दाखवण्यात तिचा हात कोण धरणार होतं?

घरी जाताना तिने दोनदा फोन काढला. मॅडम, सकाळी मी जे बोलले ते... सकाळी माझं जरा... मॅडम, तशी सोय नाही. हे तिसरं वाक्य खरं होतं आणि फार छोटं होतं. पण ते बोललं की मग पुढे काय? मग बाईंना कळणार, बाईंकडून खात्यातल्या कुणाला तरी, तिथून आकडेवाल्याला. आणि आकडेवाल्याच्या हसण्यातून सुटका नाही, ते तिला चांगलं माहीत होतं, तिनेच तर त्याला हसवलं होतं इतके दिवस. आणि उद्या भिंगरीला पतंग काढून परत छत्री लाव म्हणून सांगायचं, ते कुणी? तिने फोन पर्समध्ये टाकला. पर्स हातात नको वाटली म्हणून खांद्याला लावली.

भिंगरी टेबलाशी बसून होती, दूध संपवून, गणवेश बदलून. सरळ चालण्यानंतर हे दुसरं नवल. लाल पतंग घरातल्या फ्रॉकला लावलेला होता.

“कसं वाटलं पतंगात?”

“बरं.”

“काय वाचलं?”

“एक धडा. सगळ्यांनी मनात वाचायचा होता. सगळ्यांनी पान उलटलं की मी पण उलटत होते.” तिने फ्रॉकवरचा पतंग चाचपला. “आई, पतंगात येत नाही असं म्हणतात का?”

“म्हणतात की. का नाही म्हणणार?”

“कुणी म्हटलंच नाही,” भिंगरी म्हणाली.

आणि मग, आईचा चेहरा पडलाय हे दिसल्यामुळे असेल, ती आपणहून उठली आणि अस्वलाचं पुस्तक घेऊन आली. अंथरुणाची वेळ झाली नव्हती, दिवे लागायचे होते, तरी ती सोफ्यावर आईला खेटून बसली आणि तिने सुरू केलं, जाड्या आवाजात, शब्दाखाली बोट फिरवत; आई खूश होते म्हणून. बोट एका शब्दावर होतं आणि तोंड त्याच्या पुढच्या शब्दावर. आता ते स्पष्ट दिसत होतं, इतकं उघड की आंधळ्यालाही कळावं. फार दमत असेल हो ती... आपण शीण उतरवत पडून राहायचो आणि शेजारी ही एवढीशी पोर राबत असायची.

“हे नको,” ती म्हणाली. “हे तुला येतं.” तिने पर्समधून तपासणीचं कार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये घातलेलं, चार ओळींचं, एका मुलीची सायकल पंक्चर होते एवढंच त्यात होतं. आजवर अगणित मुलांपुढे ते धरलं होतं. ती सोफ्यावरून उठून समोरच्या मुढ्यावर बसली, कारण मुलाच्या समोर बसायचं असतं, शेजारी नाही. आणि मग आपण असं का बसलो याची तिला लाज वाटली, पण आता उठून पुन्हा शेजारी जाणंही जमेना.

भिंगरीने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ओठ हलवले. मग मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं — न घाबरता, न गोंधळता, रोज बघते तसं, तिथेच उत्तर लिहिलेलं असतं तसं. रोज बघत असणार ती, पानावरून वर, क्षणभर, आणि मी प्रत्येक वेळी हसले असेन, मान डोलावली असेन, पुढे जा, पुढे जा...

चेहरा कोरा ठेवायचा. तिने ठेवून बघितला. दुपारी भरल्या खोलीत जमलं होतं, ते इथे या एका पोरीसमोर जमेना. तोंडावर काहीतरी येत होतं, ओठांशी, डोळ्यांत, एक आवरलं की दुसरं, आणि ते काय आहे ते तिला स्वतःला सांगता आलं नसतं. भिंगरी कार्ड विसरली. ती मांडी बदलून पुढे सरकली आणि ते सगळं लक्ष देऊन बघत राहिली, अडलेल्या शब्दाकडे बघावं तसं, घाई न करता.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तुला पण येत नाही?”

बाहेर कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं. आईचा हात मांडीवरून थोडासा उचलला गेला होता. तो किती वर जाणार होता, ते तिलाही माहीत नव्हतं.